किशोरवयीन मुलं, वांशिक पार्श्वभूमी आणि आपल्या शरीराबद्दलची नाराजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं किंवा वर्गातलं एखादं मूल आपल्या रंगावर, रूपावर, बांध्यावर सतत नाराज दिसू लागलं की आई-वडील आणि शिक्षक जे प्रश्न विचारतात, त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. काही प्रश्न मुलांचे आहेत. त्यांची उत्तरं थेट त्यांनाच उद्देशून आहेत.

वयात येताना सगळ्यांनाच आपलं शरीर खटकतं. मग वंशाचा वेगळा विचार कशासाठी?

सगळ्यांना खटकतं हे खरं, पण सगळ्यांना एकच गोष्ट खटकत नाही. वजन कमी-जास्त करता येईल असं निदान वाटतं तरी. नाकाची ठेवण, पापणीची घडी, केसांचा पोत, कातडीचा रंग हे जन्मासोबत आलेलं असतं. आईच्या, आजोबांच्या, मावशीच्या चेहऱ्यावरही तेच असतं. म्हणून ज्या मुलाला नाकावरून हिणवलं जातं, त्याला आपली सगळी माणसंच कमी प्रतीची ठरवली जात आहेत असं ऐकू येतं. ही जखम 'मी जाड आहे' या दुःखापेक्षा वेगळी असते, आणि बऱ्याचदा दोन्ही दुःखं एकाच मुलाच्या वाट्याला येतात.

दुसरं कारण संशोधनातलं आहे. शरीराबद्दलच्या नाराजीचा सुरुवातीचा बराचसा अभ्यास गोऱ्या, पाश्चात्त्य देशांतल्या तरुण मुलींवर झाला. प्रश्नावल्याही त्यांना समोर ठेवून बनल्या. कंबर, मांड्या, पोट, वजन यांबद्दल त्यांत भरपूर विचारलं गेलं. रंगाबद्दल किंवा केसांबद्दल जवळपास काहीच नाही. जे विचारलंच नाही ते उत्तरात येणार कुठून? या पानावर मला मुख्यतः इतकंच सांगायचं आहे : मुलाला काय खुपतंय हे गृहीत धरू नका, त्याला विचारा. आणि खुपणारी गोष्ट त्याच्या वंशाशी जोडलेली असेल, तर तिला नुसता दिसण्याचा प्रश्न समजू नका.

या वयात किती नाराजी साधारण मानायची?

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ वर्षांदरम्यान होते, मुलग्यांमध्ये ९ ते १४ दरम्यान. माणसाच्या प्रौढपणीच्या वजनापैकी जवळजवळ निम्मं वजन याच काळात अंगावर चढतं. मुलींच्या नितंबांवर आणि मांड्यांवर चरबी साठते, कारण शरीराला ती हवी असते. मुलग्यांचे हातपाय आधी लांब होतात आणि खांदे मागाहून भरतात. या काळात आरशासमोर वेळ जाणं, फोटो नको वाटणं, एखाद्या दिवशी रडू येणं यात काळजीचं काही नाही.

वयात येण्याची वेळ मात्र सगळ्या समाजगटांत सारखी नसते. अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत काळ्या मुली सरासरीने गोऱ्या मुलींच्या आधी वयात येताना दिसल्या आहेत. वर्गात सर्वांत आधी अंग भरलेल्या मुलीकडे मोठी माणसंही 'मोठी बाई' म्हणून पाहू लागतात, आणि ते मूल असल्याचा विसर पडतो. तिने आपलं शरीर ढगळ कपड्यांत लपवायला सुरुवात केली, तर त्यामागे लोकांच्या नजरा आहेत का हे आधी पाहावं.

कोणत्या समाजातल्या मुलांना काय बोचतं, याची काही यादी आहे का?

यादी देण्यात धोका आहे. यादी वाचून माणूस समोरच्या मुलाकडे पाहायचं सोडतो. तरी काही गोष्टी वारंवार दिसतात. आफ्रिकी वंशाच्या मुलामुलींमध्ये केसांचा पोत आणि रंगाची गडद छटा हे विषय खोलवर असतात. पूर्व आशियाई मुलांमध्ये पापण्या, नाकाची उंची आणि अंगकाठी येते. पापणीवर घडी आणण्याची शस्त्रक्रिया ही त्या भागातल्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांपैकी एक आहे. दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेतल्या मुलींना अंगावरचे केस आणि सावळेपणा सतावतो. लॅटिन अमेरिकी कुटुंबांतल्या मुली कित्येकदा दोन मापांच्या कचाट्यात सापडतात. घरी भरलेला बांधा कौतुकाचा असतो आणि शाळेत सडपातळ.

बांध्याचं आदर्श माप जगभर एक कधीच नव्हतं. पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानिया या देशात मुलींना लग्नासाठी मुद्दाम खाऊ घालून लठ्ठ करण्याची प्रथा आहे, आणि त्यात मुलींचे अतोनात हाल होतात. म्हणजे 'आमच्याकडे बारीक असण्याचं वेड नाही' एवढ्याने मुलं सुरक्षित होत नाहीत. माप कोणतंही असो, ते मुलाच्या शरीरावर बाहेरून लादलं की त्रास सुरू होतो.

काळ्या मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल जास्त आत्मविश्वास असतो, असं वाचलं. मग त्यांची काळजी कमी करावी का?

नाही, आणि या समजुतीने बरंच नुकसान केलं आहे.

काळ्या मुली सडपातळपणाचा आदर्श सरासरीने कमी मानतात, हे अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत आढळलं आहे. आपल्या वांशिक ओळखीचा अभिमान असणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. त्या अभिमानाचं मोल मोठं आहेच. पण सरासरी म्हणजे तुमच्यासमोर बसलेली मुलगी नव्हे. शिवाय सडपातळ व्हायची इच्छा कमी असली म्हणून खाण्याचे आजार होत नाहीत असं नाही. ताबा सुटल्यासारखं एकदम भरमसाट खाणं आणि नंतर अपराधी वाटणं, हा त्रास त्यांच्यातही तितकाच दिसतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग प्रत्येक डॉक्टरने आणि शिक्षकाने माहीत करून घ्यावा असा आहे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मेरी नावाच्या एका काल्पनिक मुलीच्या वागण्याचं वर्णन वाचायला दिलं. खाण्याच्या आजाराची लक्षणं त्या वर्णनात स्पष्ट होती. मजकूर तोच ठेवून फक्त मेरीचा वंश बदलला. मेरी गोरी असताना ४४ टक्के वाचकांना तिचं वागणं चिंताजनक वाटलं, हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिक, लॅटिन अमेरिकी मुळाची) असताना ४१ टक्क्यांना. मेरी काळी असताना हे प्रमाण १७ टक्क्यांवर आलं. लक्षणं तीच, त्रास तोच, पाहणारे प्रशिक्षित, आणि तरी मुलगी त्यांच्या नजरेतून निसटली.

'खाण्याचे आजार म्हणजे श्रीमंत घरातल्या गोऱ्या, बारीक मुलींचं दुखणं' हे चित्र इतकं पक्कं बसलं आहे की इतर मुलांचे पालकही स्वतःच्या मुलात ते शोधत नाहीत. मुलांनाही मदत मागायला अवघड जातं, कारण आपल्यासारख्या कुणाला असं होतं हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

ही नाराजी येते कुठून? घरातून, मित्रांकडून की टीव्ही-मोबाइलमधून?

तिन्हीकडून. मानसशास्त्रात या तिघांना एकत्रच धरतात : आई-वडील, सवंगडी आणि माध्यमं. पण माध्यमांची ताकद किती असू शकते, याचं फिजीइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

फिजी बेटांवर भरदार, धडधाकट शरीर हे आरोग्याचं आणि घरच्यांनी नीट काळजी घेतल्याचं लक्षण मानलं जाई. १९९५ साली तिथल्या नाड्रोगा भागात टीव्ही आला. हार्वर्डमधल्या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन बेकर यांनी त्या वेळी शाळकरी मुलींची पाहणी केली, आणि ३ वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच वयाच्या मुलींची पुन्हा केली. खाण्याबाबतच्या चाचणीत चिंताजनक गुण मिळालेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी १९९५ मध्ये नव्हती. १९९८ मध्ये त्या ११.३ टक्के होत्या. मुली कमी होत्या, प्रत्येक वेळी साठ-पासष्टच, आणि त्या काळात तिथे टीव्हीसोबत इतरही बरंच बदलत होतं. तरीही एका समाजाचं शेकडो वर्षांचं माप तीन वर्षांत डळमळीत झालं, हे आकडे दाखवतात.

रंगाची गोष्ट तर याहून लवकर सुरू होते. केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४०च्या दशकात ३ ते ७ वर्षांच्या काळ्या मुलांपुढे रंग सोडून बाकी सारख्याच असलेल्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, खेळायला कोणती आवडेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी गोरी बाहुली निवडली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा निकाल १९५४ मध्ये दिला, त्यात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे. तीन वर्षांच्या मुलाने ना सौंदर्यस्पर्धा पाहिलेली असते, ना मासिकं चाळलेली असतात. कोणाला जवळ घेतलं जातं आणि कोणाला टाळलं जातं, एवढं मात्र त्याला नक्की कळतं.

मुलगी फिल्टर लावल्याशिवाय स्वतःचा फोटो कुणाला पाठवत नाही. फोन काढून घ्यावा का?

फोन काढून घेतला तर ती तुमच्याशी बोलणं थांबवेल, आणि फोटो मैत्रिणीच्या फोनवर काढेल. त्याऐवजी तिच्यासोबत बसून तो फिल्टर नेमकं काय करतो ते पाहा. बरेचसे 'सुंदर करणारे' फिल्टर कातडी उजळ करतात, नाक अरुंद करतात, डोळे मोठे करतात, जबडा निमुळता करतात. सावळ्या, रुंद नाकाच्या मुलीच्या बाबतीत तो फिल्टर तिचा वंशच पुसत असतो. हे तिला शब्दांत सांगायची गरज पडत नाही. मूळ फोटो आणि बदललेला फोटो शेजारी ठेवून 'यात काय काय बदललं?' एवढं विचारलं तरी तिला दिसतं.

कॅमेराही निःपक्षपाती कधीच नव्हता. रंगीत फिल्म धुताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीच्या फोटोचं कार्ड पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर आले असं धरत. गडद वर्णाची माणसं त्या फोटोंमध्ये काळपट, चेहरा हरवलेली दिसत, आणि हे कित्येक दशकं चाललं. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं १९९०च्या दशकात आली. 'माझा फोटो कधीच चांगला येत नाही' म्हणणाऱ्या मुलीला ही गोष्ट जरूर सांगा.

वापर कमी केल्याने फरक पडतो याला आधार आहे. कॅनडात १७ ते २५ वयाच्या, मनावर ताण असलेल्या तरुणांना ३ आठवडे समाजमाध्यमं दिवसाला साधारण १ तासच वापरायला सांगितली. त्या गटाला स्वतःच्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. ही मर्यादा मुलीशी बोलून, तिच्या संमतीने ठरवा, आणि घरातल्या मोठ्यांनीही पाळा.

मी १५ वर्षांची आहे. रंग उजळायचं क्रीम चोरून लावते. बंद केलं की चेहरा लाल होतो. काय करू?

आधी एक गोष्ट : यात तुझी काही चूक नाही. तुला लाज वाटावी असंही काही नाही. आता हे नीट वाच.

तू सांगतेस ते लक्षण स्टेरॉइड असलेल्या क्रीमचं असू शकतं. डबीवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव आहे का बघ. ही त्वचारोगांवरची औषधं आहेत. डॉक्टर ती थोड्या दिवसांसाठी, ठरावीक जागी देतात. रोज चेहऱ्यावर लावली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर केस वाढतात. थांबवलं की आग होते, लाली येते, आणि माणूस घाबरून पुन्हा लावू लागतो. हे चक्र एकटीने तोडू नकोस. डबी घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ते हळूहळू बंद करायची रीत सांगतील. त्यांना खरं ते सगळं सांग, किती महिने लावलंस तेही.

काही क्रीममध्ये पारा असतो. घटकांच्या यादीत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड किंवा मर्क्युरी असं काही दिसलं तर ते लगेच बंद कर. पाऱ्याने मूत्रपिंडांना इजा होते, आणि एकच टॉवेल किंवा उशी वापरणाऱ्या घरातल्या लहान मुलांपर्यंतही तो पोचतो. पाऱ्याबाबतच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने अशा प्रसाधनांवर बंदी आणली आहे, तरी ती विकली जातात. ज्या डबीवर घटकच लिहिलेले नाहीत ती हातातही घेऊ नकोस.

घरात एका मोठ्या माणसाला सांग. आईशी बोलणं अवघड वाटत असेल तर मावशी, ताई, शाळेतल्या बाई, कुणीही चालेल. आणि 'गोरी हो' असं तुला कोणी म्हणत असेल, तर तेही त्यांना सांग. क्रीम तुझ्या हातात कशामुळे आलं हे कळल्याशिवाय त्यांना तुझी खरी मदत करता येणार नाही.

माझ्या मुलाला वर्गात डोळ्यांवरून, रंगावरून, केसांवरून चिडवतात. शिक्षक म्हणतात, 'मुलं मस्करी करतात.' पुढे काय करू?

वंशाच्या खुणेवरून केलेली चेष्टा मस्करीत धरता येत नाही. तो वर्णद्वेष आहे, आणि शाळेशी बोलताना तोच शब्द वापरा. 'त्याला दिसण्यावरून चिडवतात' असं म्हणालात तर शाळा मुलाला समुपदेशनाला पाठवेल आणि चिडवणारे तसेच राहतील. काय म्हटलं, कोणी, कधी, कुणासमोर, हे लिहून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. शाळेच्या नियमांत छळाविरुद्ध काय तरतूद आहे ते विचारा. वंशावरून होणाऱ्या चेष्टेचा खाण्याच्या त्रासाशी आणि शरीराबद्दलच्या नाराजीशी संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. म्हणजे शाळेसाठी हा आरोग्याचाही विषय आहे.

कधी कधी नियमच मुलाच्या विरुद्ध असतात. २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एका काळ्या शाळकरी कुस्तीगिराला पंचाने सांगितलं की जटा काप, नाहीतर सामना सोड. सगळ्यांच्या देखत, मॅटच्या कडेलाच त्याचे केस कापले गेले. तो सामना जिंकला. तो व्हिडिओ पाहताना त्याचा चेहरा पाहवत नाही. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने केसांच्या पोतावरून आणि वेण्या, जटा यांसारख्या केशरचनांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा 'क्राउन कायदा' केला, आणि मग अनेक राज्यांनी तसेच कायदे केले. 'केस नीटनेटके हवेत' हा साधासा वाटणारा नियम कोणाच्या केसांना नीटनेटकं मानतो, हे पालकांनी शाळेला विचारायलाच हवं.

मुलाशी बोलताना 'लक्ष देऊ नकोस' म्हणू नका. त्याने लक्ष दिलेलंच असतं. 'ते म्हणाले ते चुकीचं आहे, आणि ते थांबवणं हे मोठ्यांचं काम आहे' हे वाक्य त्याला उपयोगी पडतं.

'तू सुंदर आहेस' असं मी रोज सांगते, तरी तिला पटत नाही.

कारण तिच्या मते आईने असंच म्हणायचं असतं. आणि आणखी एक : या उत्तराने तिचं शरीर पुन्हा निकालासाठी उभं राहतं, फक्त निकाल गोड लागतो. त्यापेक्षा ऐकून घ्या. 'आज कोणी काही बोललं का?', 'कोणता भाग नकोसा वाटतो?', 'असं कधीपासून वाटतं?' उत्तर आलं की लगेच खोडू नका. तिच्यासारखा रंग, केस, बांधा असलेली आणि आपापल्या कामात रमलेली माणसं तिच्या आयुष्यात, पडद्यावर आणि पुस्तकांतही आहेत का, याकडे लक्ष द्या.

नातेवाईक तोंडावर 'किती काळवंडलीस', 'किती सुटलास' म्हणतात. वडीलधाऱ्यांना कसं अडवायचं?

सरळ, मुलासमोरच, आवाज न चढवता. 'काकू, आमच्या घरी आम्ही मुलांच्या रंगावर आणि वजनावर बोलत नाही.' काकूंना राग आला तरी चालेल. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्हालाही तेच वाटतं असं मूल धरून चालतं. दोन भावंडांत एक उजळ आणि एक सावळं असेल, तर तुलना पहिल्याच वेळी थांबवा. उजळ भावंडाचं कौतुकही त्या सावळ्याच्या कानावर पडतच असतं.

स्वतःचं बोलणंही तपासावं लागेल. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट ईट' या दीर्घ अभ्यासात, ज्या घरांत आई-वडील मुलांच्या वजनाबद्दल बोलत, तिथली मुलं जास्त प्रमाणात अपायकारक डाएट करताना आढळली. वजनाचा विषय न काढता चांगल्या खाण्याबद्दलच बोलणाऱ्या घरांत हे प्रमाण कमी होतं. त्या अभ्यासात वेगवेगळ्या वंशांची हजारो मुलं होती.

डॉक्टरांनी बीएमआय पाहून 'वजन जास्त' किंवा 'सगळं ठीक' सांगितलं. त्यावर किती विसंबायचं?

थोडंच. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा. त्याचं सूत्र १९व्या शतकात बेल्जियन गणिती अ‍ॅडॉल्फ केटले यांनी मांडलं, तेही युरोपीय माणसांच्या मोजमापांवरून, आणि समाजाची सरासरी काढण्यासाठी. एकेका माणसाची तब्येत तपासण्याचा त्यांचा हेतू नव्हता. स्नायू किती आणि चरबी किती हे त्यातून कळत नाही. शरीरांची ठेवणही सगळीकडे सारखी नाही. आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाच मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई प्रौढांसाठी २३ आणि २७.५ हे लक्ष ठेवण्याचे जादा टप्पे सुचवले. किशोरवयात तर प्रौढांचे आकडे लागूच होत नाहीत, तिथे वय आणि लिंगानुसार वाढीचा तक्ता पाहतात. तक्त्यावरचा एक ठिपका फारसं सांगत नाही. मूल आपल्या नेहमीच्या रेषेवरून अचानक खाली घसरलं का, ते पाहा. मुळात वजनदार असलेलं मूल झपाट्याने बारीक झालं की सगळे कौतुक करतात. त्याची उपासमार तितकीच धोकादायक असते.

मुलग्यांना हा त्रास होतो का?

होतो. ते 'पिळदार व्हायचंय' या शब्दांत सांगतात, म्हणून ओळखू येत नाही. पूर्व आणि दक्षिण आशियाई मुलग्यांना 'लुकडा', 'बुटका', 'बायकी' म्हणून हिणवलं जातं. काळ्या मुलग्यांकडे उलट आडदांड, धोकादायक म्हणून पाहिलं जातं. व्यायाम चुकला की अस्वस्थ होणं, घरचं जेवण टाळून पावडरींवर राहणं, आरशात पाहून 'अजून लहानच आहे' म्हणत राहणं, ही लक्षणं ओळखा. किशोरवयात अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड घेतली तर हाडांची टोकं लवकर जुळून उंची कायमची खुंटू शकते. हे मुलग्याला सांगाच, कारण बहुतेकदा त्याला उंचीही हवी असते.

माझ्या ओठांवर आणि हातांवर केस आहेत. वर्गात फक्त मलाच. हा आजार आहे का?

बहुधा नाही. केस किती आणि किती दाट असावेत हे बरंचसं आनुवंशिक असतं. तुझ्या मावश्या, आत्या, बहिणी पाहा. पाळी खूप अनियमित असेल, पुरळ जास्त असेल आणि केस हनुवटीवर किंवा छातीवर नव्याने, भराभर वाढत असतील, तर डॉक्टरांना दाखव, पीसीओएस या संप्रेरकांच्या बिघाडाची तपासणी करतील. बाकी केस काढायचे की ठेवायचे हे तू ठरव. कोणी हसलं म्हणून घाईने ठरवायची गरज नाही.

आमचं मूल दत्तक आहे, त्याचा वंश आमच्यापेक्षा वेगळा आहे. आम्ही रंगाचा विषयच काढत नाही. बरोबर आहे ना?

हेतू चांगला आहे, पण विषय न काढल्याने मूल एकटं पडतं. घराबाहेर त्याचा रंग सगळ्यांना दिसतो. घरात त्यावर बोलायचं नसतं असं त्याला वाटलं, तर बाहेरचे अपमान ते घरी आणणारच नाही. त्याचे केस कसे धुवायचे, विंचरायचे, बांधायचे हे त्याच वंशाच्या माणसांकडून शिकून घ्या. त्या निमित्ताने त्याला आपल्यासारखी दिसणारी मोठी माणसं भेटतात. आई-वडील दोन वंशांचे असलेल्या मुलांनाही हे लागू आहे. 'तू नक्की कुठली?' या प्रश्नाला ती रोज तोंड देत असतात.

१६ वर्षांची मुलगी नाकाची शस्त्रक्रिया करून द्या म्हणते.

चेहऱ्याची वाढ अजून चालू असू शकते, हे एक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती त्या नाकाचा दिवसातून किती वेळ विचार करते ते पाहा. इतरांना न दिसणाऱ्या किंवा किरकोळ दोषावरून तासन्‌तास आरसा पाहणं, पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेणं, त्यापायी शाळा बुडवणं, हा आजार असू शकतो. त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. तो बहुतेकांत १८ वर्षांच्या आत सुरू होतो. शस्त्रक्रियेने तो सहसा बरा होत नाही, नाराजी दुसऱ्या अवयवाकडे सरकते. विशिष्ट पद्धतीच्या वर्तनोपचाराने आणि गरज पडल्यास औषधांनी मात्र चांगला गुण येतो.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पाळी थांबली, चक्कर येते, सतत थंडी वाजते, केस गळतात, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं सुरू झालं, घरच्यांसोबत जेवणं बंद झालं, काही आठवड्यांत वजन बरंच उतरलं, यांपैकी काहीही दिसलं तर थांबू नका. बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, पाणीही नाकारणं किंवा जगावंसं वाटत नाही असं म्हणणं, यासाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार) हा सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे.

तज्ज्ञ निवडताना काय विचारावं?

आधी बालरोगतज्ज्ञ किंवा कुटुंबाचे डॉक्टर नाडी, रक्तदाब, रक्तातले क्षार तपासतील. मग मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ. किशोरवयातल्या अ‍ॅनोरेक्सियासाठी कुटुंबाला सोबत घेऊन केल्या जाणाऱ्या उपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे. तो मुळात लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झाला. त्यात आई-वडिलांना दोषी न धरता मुलाला पुन्हा जेवतं करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिली जाते.

पहिल्याच भेटीत विचारा : 'आमच्यासारख्या कुटुंबांतल्या मुलांसोबत तुम्ही काम केलं आहे का?' आणि 'रंगाबद्दल, वंशाबद्दल तुम्ही तिच्याशी बोलाल का?' आहार ठरवून देणार असतील तर तो घरात रोज शिजतं त्याच अन्नातून ठरवायला सांगा. परक्या पदार्थांची यादी आठवडाभरही टिकत नाही. घरातल्या आजी-आजोबांना मराठीतून समजावून सांगायची गरज असेल तर दुभाष्या मागा. ते काम मुलीवरच सोपवू नका. तज्ज्ञाने 'तुमच्या समाजात असलं काही होत नाही' असं म्हटलं, तर दुसरा तज्ज्ञ शोधा.